पाहुण्याची साक्ष

वालपाराइसोला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, दोनांपैकी एक उत्तर मिळते. एक, 'काय शहर आहे! वेड लागतं.' दुसरे, 'अजिबात जाऊ नका. भिंती खरडलेल्या, बोळाबोळांत कुत्र्यांची घाण, आणि माझा फोन हिसकावून नेला तो वेगळाच.' गंमत अशी की दोघांनीही बहुधा एकाच प्रकारचा दिवस काढलेला असतो. सकाळी सांतियागोहून बस, वाटेत कासाब्लांकाच्या खोऱ्यात वाइनचा घोट, विन्या देल मारला फुलांचे घड्याळ आणि ईस्टर बेटावरून आणलेला मोआई, दुपारी वालपाराइसोच्या दोन टेकड्या, मावळतीला परत. चिलीच्या राजधानीपासून हे बंदर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे मुक्काम न करता ते 'करून टाकता' येते.

दोन्ही मते खरी आहेत, पण त्यांतून शहरापेक्षा सांगणाराच अधिक कळतो. प्रवासवर्णनाचा हा जुनाच रोग, आणि आपल्याकडे तो कमी आहे असे मुळीच नाही. तरी माझे म्हणणे असे की, पाहुण्याच्या साक्षीला कधीकधी खरोखर किंमत असते. गावकऱ्याचे म्हणणे हितसंबंधी म्हणून झटकून टाकता येते, ज्याला गावात घर नाही, शेत नाही, त्याचे तितके सहज झटकता येत नाही. चिलीच्या या किनाऱ्यावर अशी एक साक्ष दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने दिली होती. तिचे पाय त्याआधी आपल्या घाटांनाही लागून गेले होते.

मरिया ग्रॅहॅम १८०९ साली वडिलांबरोबर मुंबईत उतरली. वडील ब्रिटिश नौदलातले, नेमणूक मुंबईच्या गोदीत. बोटीवर ओळख झालेल्या टॉमस ग्रॅहॅम या नौदल अधिकाऱ्याशी तिने मुंबईतच लग्न केले. घारापुरी पाहिली, कार्ल्याची लेणी पाहिली, पुण्यापर्यंत गेली आणि १८१२ साली हिंदुस्थानातल्या मुक्कामाची रोजनिशी छापली. मुंबईतल्या इंग्रज मडमांबद्दलचे त्यातले टोकदार शेरे आजही मजा देतात. १८२२च्या एप्रिलमध्ये केप हॉर्नजवळ जहाजावरच तिचा नवरा वारला. वालपाराइसोला उतरून तिने त्याला पुरले, आणि इंग्लंडला परतायची सोय असताना आल्मेन्द्राल भागात एक लहानसे घर भाड्याने घेऊन राहिली.

१९ नोव्हेंबर १८२२च्या रात्री मोठा भूकंप झाला. मरिया तेव्हा वालपाराइसोच्या उत्तरेला क्विन्तेरोच्या उपसागरावर, चिलीच्या आरमाराचा स्कॉटिश सेनापती लॉर्ड कॉक्रेन याच्या घरी होती. नंतर किनाऱ्यावर फिरताना तिने जे पाहिले ते लिहून ठेवले: कालवांचे आणि शिंपल्यांचे थर खडकांना चिकटलेले तसेच उघडे पडले आहेत, जीव मेले आहेत, दुर्गंधी सुटली आहे. ज्या फुटक्या जहाजापर्यंत पूर्वी पोचता येत नव्हते, तिथे आता जमिनीवरून जाता येते. याचा अर्थ तिने सरळ लावला. समुद्र मागे गेलेला नाही, जमीन वर आली आहे, तीन-चार फूट. १८२४ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने तिचे टिपण छापले. त्या सोसायटीत बायकांना सभासद होता येत नव्हते; तो अधिकार मिळायला १९१९ उजाडले.

दहा वर्षांनी, १८३४ साली, सोसायटीचा अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो याने व्यासपीठावरून तिच्या साक्षीची खिल्ली उडवली. भूकंपाने किनारा उचलला जातो हेच त्याला मान्य नव्हते, आणि घाबरलेल्या बाईला काय दिसेल याचा काय भरवसा, असा एकूण सूर. मरिया तेव्हा आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. तिने मुद्द्याला मुद्दा असे उत्तर लिहून छापले. त्याच साली चार्ल्स डार्विन बीगल जहाजाने वालपाराइसोला पोचला होता, आणि पुढच्या वर्षीच्या भूकंपानंतर चिलीचा किनारा वर आल्याचे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १८३७च्या जानेवारीत त्याच सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला तेव्हा बाईचे खरे ठरले.

बाईने वेगळे काय केले? ती थांबली होती. वाकून पाहत होती. आणि वासाबद्दल लिहायला लाजली नाही. आजच्या प्रवाशाच्या लेखात शिंपल्याचा उल्लेख येतो तो लिंबू पिळून खाल्लेल्या शिंपल्याचा.

आता रंगांकडे येऊ, कारण सगळे तिथेच अडकतात. वालपाराइसो म्हणजे समुद्राकाठी सपाटीची एक अरुंद पट्टी आणि तिच्या मागे लगेच उठलेल्या चाळीसहून अधिक टेकड्या. पनामाचा कालवा नव्हता तेव्हा अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणाऱ्या जहाजाला केप हॉर्नचा वळसा घालावा लागे, आणि तो घालून अर्धमेले झालेल्या जहाजाला पहिले मोठे बंदर मिळे ते हे. १८४८ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणारी जहाजे इथे पीठ, पाणी आणि दुरुस्तीसाठी थांबली. इंग्रज आणि जर्मन व्यापारी सेर्रो आलेग्रे आणि सेर्रो कोन्सेप्सियोन या टेकड्यांवर स्थायिक झाले. १८२७ साली इथे सुरू झालेले 'एल मेर्कुरियो' हे वर्तमानपत्र अजून निघते. स्पॅनिश भाषेतले, अखंड चाललेले सर्वांत जुने दैनिक अशी त्याची ख्याती आहे. १९०६च्या ऑगस्टमधल्या भूकंपात आणि पाठोपाठच्या आगीत सुमारे तीन हजार माणसे गेली. शहर पुन्हा उभे राहते आहे तोवर १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला आणि जहाजांना इकडे येण्याचे कारणच उरले नाही.

घरे लाकडी चौकटीची, आत मातीचे भराव, आणि बाहेरून पन्हळी पत्रा. पत्रा हलका असतो, उतारावर चढवता येतो, भूकंपात अंगावर कोसळला तरी विटेसारखा जीव घेत नाही. पण खारा वारा त्याला खातो. रंग लावला नाही तर गंजून चाळण होते, हे कोकणातल्या कुठल्याही घरमालकाला समजावून सांगायला नको. खलाशांना समुद्रातून आपले घर ओळखू यावे म्हणून जहाजांचा उरलेला रंग फासला, अशी कथा वाटाडे सांगतात. कथा छान आहे. मला तिच्यापेक्षा गंजाचे कारण अधिक पटते. ज्याला आपण 'रंगीबेरंगी' म्हणून कौतुकाने पाहतो ती घराची डागडुजी आहे, आणि ती दर काही वर्षांनी कुणाला तरी स्वतःच्या खिशातून करावी लागते. जिथे ती परवडत नाही तिथला पत्रा तांबडा-तपकिरी आहे. तोही रंगच म्हणायचा, पण त्याचे फोटो कुणी काढत नाही.

२००३ साली युनेस्कोने बंदराच्या जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. शहराचे पोट भरायला काहीतरी हवेच होते. दक्षिणेच्या सान आन्तोनियो बंदराने मालवाहतुकीत वालपाराइसोला केव्हाच मागे टाकले आहे. त्या दर्जानंतर आलेग्रे आणि कोन्सेप्सियोनवर वसतिगृहे, कॉफीची दुकाने, 'बुटिक' हॉटेले आली. भिंतींवर चित्रे आली, काही अप्रतिम. आणि प्रवाशांसाठी एक अलिखित सूचनाही पक्की झाली: या दोन टेकड्या पाहा, बाकी वर जाऊ नका.

'वर' म्हणजे कुठे, हे तिथल्या नकाशात नीट दिसते. समुद्रसपाटीपासून साधारण शंभर मीटर उंचीवर आव्हेनिदा आलेमानिया नावाचा रस्ता टेकड्यांच्या कंबरेभोवती वळणे घेत जातो. ढोबळमानाने त्याच्या खाली जुने, नियोजित, वारसावाले शहर. त्याच्या वर विसाव्या शतकात बाहेरून आलेल्या गरिबांनी हळूहळू चढवत नेलेल्या वस्त्या. उताराची चढती भाजणी आणि उत्पन्नाची उतरती. रिओत आणि काराकासमध्येही हेच दिसेल. वालपाराइसोत विशेष हे की खालच्या शहराने वरच्या शहरासाठी एकेकाळी उत्तम सोय केली होती.

ती सोय म्हणजे आसेन्सोर. सप्तशृंगी गडावर आता जी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे तिचेच हे पणजोबा: रुळांवरून तिरके सरकणारे दोन डबे, एका दोराला बांधलेले, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. पहिला १८८३ साली कोन्सेप्सियोन टेकडीवर सुरू झाला. भरभराटीच्या काळात अशा लिफ्टा तीसच्या आसपास होत्या. त्यांतली पोलांकोची तर सरळ उभी आहे. टेकडीच्या पोटात सुमारे दीडशे मीटरचे भुयार चालत जायचे, त्याच्या टोकाला लिफ्टमध्ये शिरायचे आणि डोंगराच्या आतून वर चढत जाऊन मनोऱ्यातून बाहेर पडायचे. आज पंधरा-सोळा उरल्या आहेत, आणि त्यांतल्या काही कायम दुरुस्तीसाठी बंद. २०१२च्या सुमारास सरकारने त्यांतल्या दहा खासगी मालकांकडून विकत घेतल्या. दुरुस्त्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या.

एल पेरालच्या लिफ्टमध्ये मी बसलो तेव्हा सोबत चौघे पाहुणे होते, फोन काचेला लावून बसलेले, आणि एक म्हातारी होती. तिच्या हातात भाजीची पिशवी, बगलेत पावाची सुरळी. डबा निघाला तसा लाकूड कुरकुरले, ग्रीसचा वास आला, मध्यावर दुसरा डबा खिडकीला खेटून खाली गेला. मिनिटभराचा प्रवास. वर पोचल्यावर आम्ही सगळे बाबुरिझा महालाकडे वळलो. म्हातारी मात्र रस्ता ओलांडून पुढच्या पायऱ्यांना लागली. तिचा चढ अजून बराच बाकी होता. कुठल्याशा बोळात गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत टणटण वाजवत होता. भरलेले सिलिंडर खांद्यावर घेऊन त्यालाही त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

लिफ्ट बंद असली की पाहुण्याचा एक फोटो हुकतो. म्हातारीच्या गुडघ्यांना त्या दिवशी शे-दोनशे पायऱ्या जास्त पडतात. तरीही लिफ्टांच्या दुरुस्तीची चर्चा वारसा आणि पर्यटन या दोनच शब्दांत चालते. त्या सार्वजनिक वाहतूक आहेत, हे बोलण्यातून निसटते. १९४०च्या दशकात बनलेल्या ट्रॉलीबसही या शहरात अजून धावतात. त्यांनाही राष्ट्रीय स्मारक केले आहे. स्मारक झाले की वेळापत्रकाबद्दल विचारणे जरा गावंढळ ठरते, असा माझा संशय आहे.

वरच्या वस्त्यांकडे पाहुण्यांचे लक्ष जाते ते आग लागल्यावर. १२ एप्रिल २०१४ला शहरामागच्या माळावर लागलेली आग वाऱ्याबरोबर घळींतून खाली आली. या घळी टेकड्यांच्या मधल्या. त्यांत कचरा, वाळका झाडोरा, आणि आजूबाजूला तेलकट पानांची निलगिरी. १५ माणसे गेली, सुमारे २,९०० घरे जळाली. चिंचोळ्या वाटांवरून बंब वर पोचेनात. इथले अग्निशामक दल १८५१ सालचे, देशातले पहिले, आणि आजही बिनपगारी स्वयंसेवकांचे. त्यांनी जिवाचे रान केले, पण पाण्याचा दाब आणि रस्त्याची रुंदी स्वयंसेवेने वाढत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत विन्या देल मार आणि किल्प्वे परिसरात आग लागली तेव्हा १३०हून अधिक माणसे मेली. विन्याचे वनस्पती उद्यानही त्यात भाजून निघाले. हे ज्या महिन्यात झाले तो तिथल्या उन्हाळ्याचा, म्हणजे पर्यटनाच्या भर हंगामाचा महिना. त्याच शहरात दरवर्षी फेब्रुवारीत गाण्यांचा मोठा महोत्सव भरतो. तो त्याही वर्षी भरला.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मग काय, प्रवाशांनी गरिबांच्या वस्त्या पाहत हिंडायचे? धारावीत पायी सहली निघतात तेव्हा आपण नाक मुरडतो, तेच वालपाराइसोत चालेल? नाही चालणार. दुसऱ्याच्या दारात उभे राहून त्याची पडझड टिपणे हे रंगीत भिंत टिपण्यापेक्षा वरच्या दर्जाचे आहे असे मला वाटत नाही. कधीकधी ते अधिक वाईट असते, कारण त्यात स्वतःच्या संवेदनशीलतेचे कौतुक मिसळलेले असते. पण मरिया ग्रॅहॅम कुणाच्या घरात डोकावली नव्हती. तिने किनारा पाहिला. शहराचेही पाहण्यासारखे असे पुष्कळ आहे जे उघड्यावर आहे: कुठली लिफ्ट बंद आहे, बस कुठल्या वळणापर्यंत जाते, घळीत काय साचले आहे, आग विझवायचा नळ शेवटचा कुठे दिसला. यासाठी कुणाच्या उंबऱ्यावर जावे लागत नाही.

वाईट साक्षीचा नमुनाही याच किनाऱ्याने दिला आहे, आणि तो उलट्या दिशेने गेलेल्या प्रवाशाचा आहे. पाब्लो नेरुदाचे घर 'ला सेबास्तियाना' सेर्रो फ्लोरिदावर आहे. दक्षिणेला इस्ला नेग्राला त्याचे दुसरे घर आणि कबर. प्रवाशांची या घरांवर रीघ लागते, आणि घरे आहेतही बघण्यासारखी. हा कवी १९२७ साली चिलीचा वाणिज्यदूत म्हणून रंगूनला आला, पुढे कोलंबोला गेला. आठवणींच्या पुस्तकात त्याने तिथला एक प्रसंग लिहिला आहे: आपला संडास साफ करणाऱ्या तमिळ स्त्रीवर त्याने बळजबरी केली. तिचे वर्णन त्याने पुतळा म्हणून केले आहे. ते पुस्तक १९७४ साली, त्याच्या मृत्यूनंतर आले आणि जगभर वाचले गेले. त्या पानाला जाब विचारला गेला तो २०१८ साली, सांतियागोच्या विमानतळाला त्याचे नाव द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा, आणि तो विचारला चिलीतल्या स्त्रियांनी. समोरच्या माणसाला देखणे दृश्य करून टाकले की त्याचे काहीही करता येते. इस्ला नेग्राला गर्दीत उभे राहून समुद्र बघताना हे आठवले तर बिघडत नाही.

आता क्विन्तेरो. मरिया जिथे वास घेत फिरली तो उपसागर. वालपाराइसोच्या रंगाने भारावलेले प्रवासी उत्तरेला जातात ते रेन्याका, कोन्कोन आणि श्रीमंतांच्या सापाय्यारला. मध्ये क्विन्तेरो-पुचुनकावी लागते, तिथे गाडी थांबत नाही. १९६४ साली बेन्तानासला तांब्याची भट्टी सुरू झाली. भोवती कोळशावरची वीजकेंद्रे, तेलाचे आणि रसायनांचे कारखाने आले. चिलीत अशा जागांना 'बळीचा प्रदेश' म्हणतात, आणि हे नाव तिथल्या लोकांनीच चालवले आहे. २०११ साली ला ग्रेदा गावातली शाळकरी मुले विषारी धुराने आजारी पडली. २०१८च्या ऑगस्टमध्ये शेकडो लोक, त्यांत पुन्हा शाळकरी मुले, उलट्या, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या अशा तक्रारींनी दवाखान्यांत पोचले. कुठल्या कारखान्यातून काय सुटले यावर एकमेकांकडे बोटे दाखवणे चालले. २०१९च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी कंपनी कोदेल्कोने बेन्तानासची भट्टी बंद केली ती ३१ मे २०२३ला.

म्हणजे वासाबद्दल बोलणाऱ्यांवर विश्वास बसायला याही वेळी बरीच वर्षे लागली. फरक एवढाच की यावेळी साक्षीदार स्थानिक होते, मच्छीमार होते, आया होत्या. या किनाऱ्यावर दरवर्षी लाखो पाहुणे येतात. त्यांतल्या कितींनी हा वास टिपून ठेवला? मी बरीच वर्णने वाचली आहेत, इंग्रजीतली आणि अलीकडे मराठीतलीही. त्यांत सूर्यास्त ठासून भरलेला आहे. बेन्तानासच्या धुराड्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला, आणि आढळला तो 'फोटोत येतात म्हणून नकोसे' असा.

इथून चिली फार दूर आहे, तिकीट महाग आहे, आणि जाणारा माणूस चार चांगल्या गोष्टी पाहायलाच जातो, हे मला कळते. सुट्टीवर गेलेल्याने तपास अधिकारी व्हावे असे मी म्हणत नाही. रंग बघा, शिंपले खा, नेरुदाच्या खिडकीतून उपसागर बघा. पण ज्याला परतल्यावर लिहायची हौस आहे, आणि मराठीत ती पुष्कळांना आहे, त्याने शहराला आवडले-नावडलेचे गुण देण्याआधी एवढे करावे: एक रात्र तरी मुक्काम करावा, बंद असलेल्या लिफ्टचे नाव लिहून आणावे आणि उत्तरेला जाताना क्विन्तेरोला गाडी थांबवायला सांगावी. वालपाराइसोहून ते पन्नास-एक किलोमीटरवर आहे, आणि साध्या बसनेही जाता येते.